स्वमग्न मुलांचा निवडक आहार आणि पोषणत्रुटी

स्वमग्नता अर्थात ऑटिझम असलेली अनेक मुले मोजकेच पदार्थ खातात आणि त्यामुळे त्यांच्यात काही जीवनसत्त्वांची व खनिजांची त्रुटी निर्माण होते. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले, तेव्हाच त्यांनी खाण्याच्या अडचणींचीही नोंद केली होती.

हा केवळ हट्ट नव्हे. पदार्थाचा पोत, वास, रंग आणि चावतानाचा आवाज यांपैकी काही या मुलांना फार तीव्रतेने जाणवते. एकाच जातीचे फळ आज गोड तर उद्या आंबट निघते, पुड्यातले बिस्किट मात्र रोज तसेच लागते. आहार असा बिस्किटे, चिप्स, भात किंवा दूध यांपुरता आक्रसला, तरी त्यातून ऊर्जा पुरेशी मिळते. वजन व उंची वयाला साजेशी राहते आणि त्रुटी कोणाच्या लक्षात येत नाही.

याचे ठळक उदाहरण क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीचे. ब्रिटिश नौदलातील डॉक्टर जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये खलाशांना संत्री-लिंबे देऊन बरा करून दाखवलेला हा आजार आज सधन देशांतल्या स्वमग्न मुलांतही आढळतो. क जीवनसत्त्व शरीरात तयार होत नाही. आहारातून ते जवळजवळ बंद झाले, की साठा एक ते तीन महिन्यांत संपत येतो. त्याअभावी कोलॅजेन हे ऊतींना बळकटी देणारे प्रथिन नीट बनत नाही, रक्तवाहिन्या नाजूक होतात, हिरड्यांतून व हाडांवरील आवरणाखाली रक्तस्राव होतो. मूल लंगडते, पुढे चालायचेच नाकारते. दुखणे शब्दांत सांगता येत नसेल, तर संशय रक्ताचा कर्करोग, हाडांचा जंतुसंसर्ग किंवा संधिवाताकडे जातो. मूल काय खाते हा साधा प्रश्न कित्येकदा अस्थिमज्जेच्या तपासणीनंतर विचारला जातो. निदान झाल्यावर क जीवनसत्त्व दिले, की वेदना काही दिवसांतच कमी होऊ लागतात.

लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची कमतरताही आढळते. अ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने रातांधळेपणा येतो, बुबुळ कोरडे पडते आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. पर्याय न देता दूध बंद करणारी पथ्ये कॅल्शियमची उणीव वाढवतात.

उपचारात आहाराची रोजची नोंद, रक्ततपासणी व पूरक औषधे यांसोबत नव्या पदार्थाची ओळख अगदी हळूहळू करून दिली जाते. आवडत्या पदार्थात औषध लपवताना जपावे लागते. बदललेली चव ओळखून मूल तो पदार्थही सोडून देऊ शकते.