वीतभर उंची, अर्धा सेकंद

"मामा, मी दर वेळी पाठीवरच का पडते रे?"

मेलबर्नला बहिणीकडे गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. डिसेंबर म्हणजे तिकडचा उन्हाळा. रात्रीचे आठ वाजले तरी लख्ख उजेड. यारा नदीकाठच्या स्केटपार्कात मी बाकावर बसलो होतो. हातात भाचीची पाण्याची बाटली, आणि डोक्यावर "लक्ष ठेव तिच्याकडे" ही बहिणीची ताकीद. भाची तेरा वर्षांची. तासाभरात ती एकाच रॅम्पवरून अकरा वेळा हवेत गेली आणि त्यातली नऊ वेळा पाठीवर आपटली. मी मोजत होतो. मला दुसरं काम काय होतं?

रॅम्प तरी केवढा? फुटाहून जरासा उंच, गुडघ्याच्याही खाली. अशा लहान, वर वळत जाणाऱ्या रॅम्पला ही मुलं 'किकर' म्हणतात. वेगात यायचं, किकरवर चढायचं, कडेवरून सुटायचं आणि पलीकडच्या सपाट काँक्रीटवर उतरायचं. याला म्हणतात 'एअर घेणं'. स्केट्स मात्र आपल्याकडची मुलं सोसायटीच्या पार्किंगमध्ये घालतात तसे नसतात. हे 'अ‍ॅग्रेसिव्ह इनलाइन': चाकं एका रांगेत, पण लहान आणि कडक. फिरायच्या स्केट्सना 80 मिलिमीटरच्या आसपासची चाकं असतात, यांना 60 च्या आतबाहेर. ब्रेक नाही. मधल्या दोन चाकांमध्ये प्लॅस्टिकचा ठोकळा असतो, लोखंडी पाइपावरून घसरत जायला. लहान चाकांमुळे पाय जमिनीच्या जवळ राहतात आणि डगमग कमी होते. त्याची किंमत म्हणजे रस्त्यावरचा बारीकसा खडाही पायाला कळतो.

"मागे झुकतेस म्हणून पडतेस," असं तिथल्या प्रत्येक पोराने तिला सांगून झालं होतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. ती अजिबात मागे झुकली नसती तरी पाठीवरच पडली असती. कारण रॅम्प माणसाला नुसता वर फेकत नाही, तो माणसाला फिरवतोही.

हे नीट बघू. रॅम्पचा पृष्ठभाग म्हणजे वर्तुळाचा एक तुकडा. त्रिज्या अडीच मीटर आणि कडेपाशी चढ 30 अंशांचा धरला, तर रॅम्पची उंची येते साधारण 33 सेंटिमीटर. ताशी 18-19 किलोमीटर वेगाने आत शिरलं तर कडेवरून सुटताना वेग उरतो ताशी 16 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेचार मीटर. आता चढणाऱ्या मुलीकडे बाजूने पाहा. खाली सपाटीवर ती ताठ उभी आहे. वर कडेपाशी पोचेपर्यंत तिचे पाय वर वळले आणि सगळं शरीर 30 अंश मागे कललं. हे कलणं काही एका क्षणात झालं नाही; वळणावरून जाताना ती सतत मागे फिरत होती. किती वेगाने? वेग भागिले त्रिज्या, म्हणजे सेकंदाला सुमारे 100 अंश.

आणि मग कड संपते, चाकं सुटतात. वळण संपलं, फिरणं मात्र संपत नाही. गोल फिरणाऱ्या वस्तूचं फिरणं बाहेरून कोणी पिळल्याशिवाय थांबत नाही. भौतिकशास्त्रात याला कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात. हवेत भाचीला पिळणार कोण? हवेचा विरोध नगण्य, आणि गुरुत्वाकर्षण सगळ्या शरीराला सारखंच खाली ओढतं, फिरवत नाही. म्हणजे रॅम्पने दिलेली गिरकी जशीच्या तशी चालू राहते. कडेवरून सुटल्यावर ती आणखी 26 सेंटिमीटर, म्हणजे वीतभर वर जाते आणि मग 59 सेंटिमीटर खाली येते. एकूण वेळ 0.58 सेकंद. तेवढ्यात ती आणखी 60 अंश मागे फिरणार. आधीचे 30 आणि हे 60. बेरीज तुम्हीच करा: जमिनीला पाय लागायच्या वेळी मुलगी आडवी.

अर्थात इतकं निमूट कोणीच आडवं होत नाही. शेवाळलेल्या पायरीवर पाय सटकला की आपले हात आपोआप मागच्या बाजूला गरागरा फिरतात, तसेच भाचीचेही फिरत होते. त्या धडपडीत अर्थ असतो. हात मागच्या दिशेने फिरले की गिरकीचा काही वाटा ते उचलतात आणि धडाच्या वाट्याला कमी उरते. मांजर पाठीवर सोडलं तरी पायांवर पडतं, त्याचं मूळही इथेच आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे याने 1894 साली पडणाऱ्या मांजराची छायाचित्रमालिका प्रसिद्ध केली, तेव्हा भल्याभल्यांना प्रश्न पडला होता की काहीही न ढकलता ते वळतं कसं. ते शरीराचा पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा पिळतं. मांजराचा कणा त्यासाठी घडलेला आहे, आपला नाही. आपल्या हातांचं वजनही फारसं नसतं. म्हणून भाची पूर्ण आडवी व्हायची नाही, पण मागे आपटायचीच.

मग उपाय काय? गिरकी हवेत थांबवता येत नसेल, तर ती रॅम्पवर असतानाच काढून टाकायची.

तळहातावर काठी उभी तोलायचा खेळ आठवा. काठी अंगावर यायला लागली की आपण हात झटकन अंगाकडे आणतो. आधार काठीच्या वजनाच्या पलीकडे गेला की काठी उलट बाजूला फिरते. रॅम्पच्या कडेशी हेच करायचं असतं. गुडघे पुढे, नडगी बुटाच्या जिभेवर टेकलेली, हात समोर, कंबर चाकांच्या किंचित पुढे. म्हणजे शरीराचा गुरुत्वमध्य चाकांच्या पुढे येतो. अशा वेळी रॅम्प पायांना जो वरचा रेटा देतो, तो गुरुत्वमध्याच्या मागून जातो आणि शरीराला पुढे फिरवतो. नेमक्या त्याच क्षणी पाय ताणून उभं राहायचं, की रेटा वाढतो आणि रॅम्पने दिलेली मागची गिरकी पुसली जाते. जरा जास्त पुसली गेली तर उत्तमच, कारण सपाटीवर उतरायचं तर मागे कललेले ते 30 अंशही भरून काढायचे असतात.

सांगायला सोपं आहे. करताना अडचण अशी की रॅम्पमध्ये शिरल्याबरोबर वजन दुपटीहून जरा जास्त होतं. वळणावरून वर जायला लागलेल्या शरीराला रॅम्प जोरात रेटतो, आणि ज्याला सवय नाही त्याचे गुडघे दुमडतात, बूड मागे बसतं. गुरुत्वमध्य चाकांच्या मागे गेला की तोच रेटा आता गिरकी वाढवायला लागतो. त्यात भीती. उंच कडा समोर आली की माणूस मागे ओढला जातो, हे लाखो वर्षांचं शहाणपण आहे. ते जिथे उपयोगी पडत नाही अशा मोजक्या जागांपैकी किकर ही एक.

"पण मग मी वर गेल्यावर पुढे वाकले तर?" भाचीने विचारलं. प्रश्न रास्त होता. डोळ्यांनी काही दिसल्यावर स्नायूंनी प्रतिसाद द्यायला साधारण पाव सेकंद लागतो. पूर्ण उड्डाण 0.58 सेकंदांचं. चुकलंय हे कळेपर्यंत जवळजवळ अर्धा वेळ गेलेला असतो, आणि उरलेल्या वेळात दुरुस्त करायला हाताशी असतात फक्त दोन हात. सराव झालेला स्केटर हवेत निर्णय घेत नाही. त्याचे स्नायू जमीन लागायच्या आधीच ताठरतात, कारण जमीन कधी येणार याचा अंदाज मेंदूने आधीच बांधलेला असतो. हा अंदाज पडून पडूनच बसतो, सांगून नाही. मामालोकांचा उपयोग इथे संपतो.

उतरण्याचं गणित मात्र सांगण्यासारखं आहे. 59 सेंटिमीटरवरून सपाटीवर येणारं शरीर थांबवायचं, तर ते किती अंतरात थांबतं यावर सगळं ठरतं. पाय ताठ ठेवून 5 सेंटिमीटरमध्ये थांबलात तर पायांवर सरासरी 13 पट वजन येतं. गुडघे-घोटे-कंबर मिळून 40 सेंटिमीटर खाली बसत थांबलात तर फक्त अडीच पट. चाळीस किलोच्या मुलीसाठी पहिलं म्हणजे 520 किलो, दुसरं 100. एक पाय पुढे, एक मागे ठेवायची पद्धतही याचसाठी आहे: एका स्केटच्या रांगेपेक्षा दोन पायांचा पाया लांब, म्हणून पुढेमागे तोल जायला जास्त जागा मिळते.

किकरवर हात बसला की मुलं हाफपाइपकडे बघायला लागतात. समोरासमोर दोन वळणदार भिंती, वरच्या काठावर लोखंडी पाइप. त्या पाइपाला कोपिंग म्हणतात. तिथे जमिनीवर पाय मारून वेग घ्यायला जागाच नसते, तरी स्केटर दर फेरीला आणखी उंच जातो. ही जादू महाराष्ट्रातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नागपंचमीला झाडाच्या झोक्यावर उभ्याने झोका चढवताना काय करतात? टोकाला बसकण, खाली येताना ताठ उभं राहणं. हाफपाइपमध्ये अगदी तेच. भिंतीच्या वरच्या टोकाहून निघालेला स्केटर वळणाच्या तळाशी पोचतो तेव्हा त्याला आपलं वजन सुमारे तिप्पट भासतं. गंमत अशी की रॅम्प लहान असो वा मोठा, हा आकडा तिप्पटच येतो: मोठ्या रॅम्पवर वेग जास्त, पण वळणही तितकंच सैल. त्या तिप्पट वजनाविरुद्ध 30 सेंटिमीटर उठून उभं राहिलं, तर 90 सेंटिमीटर जिना चढल्याइतकं काम झालं. परत खाली बसायचं ते वजन हलकं असेल तिथे. दोन्हीतला फरक वेगात जमा होतो.

या उभ्या रॅम्पांवर नव्वदच्या दशकात मोठा खेळ उभा राहिला. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडला 1995 साली पहिले एक्स्ट्रीम गेम्स झाले, पुढे त्यांचंच नाव एक्स गेम्स झालं. त्यात इनलाइन स्केटर्स पहिल्यापासून होते. ब्राझीलची फाबिओला दा सिल्वा तिथे मुलींमध्ये इतकी पुढे निघाली की पुढे ती पुरुषांबरोबर स्पर्धेत उतरू लागली. 2005 साली उभ्या रॅम्पवर तिने दुहेरी बॅकफ्लिप घेतली. असं करणारी ती पहिली स्त्री. बॅकफ्लिप म्हणजे भाचीच्या तक्रारीचंच मोठं रूप, नाही का? जी गिरकी किकरवर पुसून टाकायची, तीच इथे जपायची, वाढवायची आणि अंग आवळून आणखी वेगवान करायची.

दुसरा माणूस फ्रान्सचा टाइग ख्रिस. 29 मे 2010 रोजी त्याने आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्यावरून इनलाइन स्केट्सवर उडी मारली. साडेबारा मीटर सरळ खाली, मग प्रचंड रॅम्प. साडेबारा मीटर पडल्यावर वेग होतो ताशी सुमारे 56 किलोमीटर. चार मजल्यांवरून पडलेला माणूस उठून कसा चालेल? कारण जमीन त्याला समोरून भेटली नाही, बाजूने भेटली. पडण्याची दिशा आणि रॅम्प यांच्यातला कोन गणितापुरता 10 अंश धरा. मग 56 किलोमीटरच्या वेगातला जेमतेम 10 किलोमीटरचा हिस्सा रॅम्पवर आदळतो, बाकीचा वेग नुसता घरंगळत पुढे जातो. असा धक्का म्हणजे 38 सेंटिमीटरवरून खाली उडी मारण्याएवढा. आपण स्टुलावरून उतरतो, तेवढा. मात्र कोन 10 ऐवजी 30 अंश झाला, तर तोच धक्का तीन मीटरहून जास्त उंचीवरून पडल्यासारखा होतो. एवढं मोठं साहस शेवटी उतरण्याच्या जागी दहा-वीस अंशांच्या हिशोबावर तोललेलं असतं. मला स्वतःला उंचीपेक्षा याचंच जास्त भय वाटतं.

भाचीला मी हे सगळं सांगितलं नाही. बाकावर बसून कागदावर एक वर्तुळ काढलं, त्यावर एक काडीमाणूस, आणि एवढंच म्हणालो, "रॅम्प तुला फिरवतोय. कड यायच्या आत उभी राहा आणि पुढे पड."

"पुढे पड?"

"पुढे पड. गुडघ्यांना पॅड आहेत, बुडाला नाहीत."

हे शेवटचं वाक्य तिला सगळ्यात पटलं. गुडघ्याच्या पॅडवर कडक प्लॅस्टिकची वाटी असते. पुढे पडलं तर माणूस त्या वाट्यांवर घसरत जातो आणि वेग हळूहळू झिजतो. मागे पडलं तर माकडहाड, मनगट आणि हेल्मेटचा मागचा भाग, सगळं एका ठोक्यात. हात मागे टेकून पडणाऱ्यांची मनगटं मोडतात, त्यासाठी मनगटाला वेगळी पट्टी घालतात. तिने ती घातली होती, हे बघूनच मी बाकावर निवांत बसलो होतो.

बाराव्या वेळी ती लांबून आली. चाकांचा घरघराट, किकरवर शिरताना खट्ट असा आवाज, गुडघे दुमडले, पण बूड मागे गेलं नाही. कडेशी ती उभी राहिली, जरा जास्तच. हवेत वीतभर. मग पाय टेकले, चाकं पुढे सटकली नाहीत, उलट तीच चाकांच्या पुढे गेली आणि दोन्ही गुडघ्यांवर खरडत सहा-सात फूट घसरत थेट माझ्या बाकाच्या अलीकडे थांबली. पॅडवर पांढरा ओरखडा, हनुवटीला घाम.

"मामा! पुढे पडले!" ती ओरडली, आणि उठून पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.