वाळलेला भुगा आणि मुरलेले खत

खत कसे होते, हे बाग राखणाऱ्याला किंवा हॉटेल चालवणाऱ्याला नव्याने सांगायला नको. ओला कचरा आणि पालापाचोळा कुजला, मुरला, की काळसर, मातीच्या वासाचा पदार्थ हाती येतो. घोटाळा होतो तो भटारखान्यामागच्या यंत्राबाबत. त्यात रात्री खरकटे टाकले की दुसऱ्या दिवशी तपकिरी भुगा निघतो आणि ‘चोवीस तासांत खत’ म्हणून थेट कुंड्यांत जातो. तो भुगा खत नव्हे, आणि तो खत म्हणून विकणे किंवा वाटणे मला मुळीच मान्य नाही.

खरकट्यात साधारण 70 ते 80 टक्के पाणी असते. यंत्र ते तापवून उडवते, त्यामुळे 100 किलोंचे 25-30 किलो उरतात, आणि वजनातली ही घट म्हणजेच कुजणे, असा समज होतो. वस्तुतः वाळवण्याने कुजणे थांबते; उन्हाळ्यात घातलेले सांडगे वर्षभर टिकतात ते याच कारणाने. खताच्या ढिगाचे 55 ते 65 अंश तापमान बाहेरून दिलेले नसते, ते कचरा खाणाऱ्या जिवाणूंनीच निर्माण केलेले असते. त्यानंतर ढीग निवतो आणि कित्येक आठवडे मुरतो. हे मुरणे एका रात्रीत उरकत नाही, मग यंत्रात कोणतेही कल्चर, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंचे विरजण, घाला. भुग्याला पाणी लागले की अडलेले कुजणे कुंडीतच सुरू होते: बुरशी धरते, दुर्गंधी सुटते, मुळांजवळचा प्राणवायू संपतो आणि तयार होणाऱ्या आम्लांनी कोवळी मुळे करपतात. शिवाय पाणी उडाले तरी आमटी-भाजीतले मीठ उडत नाही, ते उरलेल्या भुग्यात तिप्पट-चौपट दाट होते.

रंग आणि पोत पाहून काही ठरत नाही. मूठभर माल ओला करून झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवावा: खत असेल तर मातीचा वास येईल, भुगा असेल तर आंबलेल्या अन्नाचा.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही मोठ्या हॉटेलांना ओल्या कचऱ्यासाठी खत किंवा बायोगॅस हेच मार्ग सांगितले होते. नुसते वाळवणे त्यात नव्हते. तेलकट, तिखट, खारट खरकटे रोज निघत असेल, तर माझी पसंती निःसंशय बायोगॅसला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘निसर्गऋण’ तंत्र अशाच कचऱ्यासाठी विकसित झाले आहे, आणि त्यात गॅस चुलीला मिळून वर खतही मिळते.

यंत्र आधीच घेतले असेल, तर भुग्यात भरपूर सुका पाला किंवा लाकडाचा भुसा मिसळावा, मिश्रण पिळलेल्या फडक्याइतके ओलसर ठेवावे आणि दर आठवड्याला वरखाली करत किमान दोन महिने मुरू द्यावे. त्यानंतर त्यात मोहरी पेरून पाहावी. ती नीट उगवली, तरच ते कुंड्यांत घालावे.