शैक्षणिक दूरचित्रवाणी कार्यक्रमनिर्मिती, विद्यापीठीय

विद्यापीठातील अध्यापक-संशोधकांचा विषय पडद्यावर समजेल अशा रीतीने मांडण्यासाठी विद्यापीठाच्याच माध्यम केंद्रात केली जाणारी कार्यक्रमनिर्मिती. वर्गातले व्याख्यान जसेच्या तसे चित्रमुद्रित करणे याहून ही वेगळी गोष्ट आहे. व्याख्यानात शिक्षक सांगतो. कार्यक्रमात जे दिसते त्यानेच निम्मे शिकवायचे असते. म्हणून विषयतज्ज्ञ आणि निर्माता यांनी पहिल्या दिवसापासून एकत्र बसणे ही या कामातली सर्वांत महत्त्वाची अट आहे. पुढच्या बहुतेक चुका ती न पाळल्यामुळे होतात.

भारतात उपग्रहाद्वारे शिक्षणाचा मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झाला. ‘साइट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रयोगातील सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाचे ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हे शैक्षणिक प्रक्षेपण १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झाले. त्यासाठी काही विद्यापीठांत निर्मिती केंद्रे उभी राहिली. महाराष्ट्रातले केंद्र पुणे विद्यापीठात आहे. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयंप्रभा’ या उपक्रमाच्या ३२ शैक्षणिक वाहिन्या आल्या. रोज किमान चार तास नवे कार्यक्रम आणि त्यांचे दिवसभरात पाच वेळा पुनःप्रक्षेपण, अशी त्यांची रचना ठरली. नवी मुंबईतल्या तुर्भे-महापे औद्योगिक पट्ट्यात पाळीने काम करून शिकणाऱ्याला हे पुनःप्रक्षेपण फार उपयोगी, कारण त्याची मोकळी वेळ दर आठवड्याला बदलते.

संहिता. कार्यक्रम साधारण २० ते ३० मिनिटांचा असतो आणि त्यात एकच मध्यवर्ती कल्पना मावते. तज्ज्ञाच्या टिपणात बहुधा आठ-दहा कल्पना असतात. त्या कमी करणे हे निर्मात्याचे पहिले काम. संहिता दोन रकान्यांत लिहितात: डावीकडे दृश्य, उजवीकडे ध्वनी. डावा रकाना रिकामा राहिला किंवा तिथे ‘प्राध्यापक बोलत आहेत’ एवढेच वारंवार येऊ लागले, तर तो भाग छापील पाठासाठी ठेवावा. मराठी निवेदन मिनिटाला ११० ते १२० शब्दांच्या गतीने स्वच्छ ऐकू येते. २४ मिनिटांच्या कार्यक्रमात साठ टक्के वेळ निवेदन धरले, तर संहितेत सुमारे १,६५० शब्द बसतात. यापेक्षा जास्त शब्द आले की निवेदक धावतो, आणि चित्र पाहायला उसंत मिळत नाही.

वस्तुस्थितीची तपासणी याच टप्प्यावर करावी. ठाणे खाडीचेच पाहा. फ्लेमिंगो अभयारण्य सुमारे १,६९० हेक्टरांचे आहे, तर २०२२ मध्ये घोषित झालेले रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) सुमारे ६,५२१ हेक्टरांचे, कारण त्यात भोवतालचा पर्यावरण-संवेदनशील पट्टाही येतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. एकाच्या जागी दुसरा वापरला की चूक. संहितेत ती दुरुस्त करायला एक मिनिट लागते, निवेदन ध्वनिमुद्रित झाल्यावर अख्खा परिच्छेद पुन्हा बोलवून घ्यावा लागतो. आवाजाचा पोत दुसऱ्या दिवशी जुळत नाही, म्हणून एक वाक्य बदलून भागत नाही.

बाह्यचित्रीकरण. ठाणे-नवी मुंबई परिसर परिसंस्था, भूगोल आणि नगररचना या विषयांना भरपूर सामग्री देतो, मात्र खाडी आपल्या वेळापत्रकाने चालत नाही. कांदळवनावरील कार्यक्रमाचे नियोजन भरती-ओहोटीपासूनच सुरू होते. भरती ते ओहोटी सुमारे सव्वासहा तास, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. कोळी बांधवांचा हिशेब इथे कामाला येतो: तिथीला तीनने गुणून चारने भागले की भरतीची अंदाजे वेळ मिळते. दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीत आतवर पाणी त्याहून थोडे उशिरा चढते. अंतिम वेळ छापील भरती-कोष्टकातूनच घ्यावी, पण महिन्यातले कोणते दिवस सोयीचे हे तिथीवरून लगेच कळते.

ऐरोलीचा काठ खाडीच्या पूर्वेला आहे. तिथून कॅमेरा पश्चिमेकडे पाहतो, म्हणजे सकाळचा प्रकाश पाठीमागून येतो आणि पक्ष्यांचा गुलाबी रंग नीट उतरतो. दुपारनंतर त्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. होडीला पाणी हवे आणि प्रकाशही हवा, म्हणून सकाळच्या भरतीचे नवमी-दशमीच्या सुमाराचे दिवस धरतात. पण तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही. तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या झाडाची, चिखलातून वर येणारी श्वसनमुळे पाण्याखाली गेलेली दाखवायची असतील तर उधाणाचा वेगळा दिवस लागतो. हे तज्ज्ञाला ठाऊक असते, निर्मात्याला नसते. उलट प्रकाशाची दिशा निर्मात्याला कळते. दोघांनी मिळून आधी जागा पाहून यावी ती याचसाठी. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे एवढाच काळ असतात, त्यामुळे हुकलेले दृश्य पुढच्या हंगामावर जाते. अभयारण्यात चित्रीकरणाला वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागते, आणि ड्रोनची परवानगी वेगळी काढावी लागते.

आगरी-कोळी माणसांची मुलाखत घेताना त्यांची बोली प्रमाण मराठीत बदलायला सांगू नये, की वरून दुसरा आवाजही चढवू नये. खाली उपशीर्षके द्यावीत. निवटी (चिखलातला मासा), चिंबोरी (खेकडा), खाजण (खाडीकाठची खारी जमीन) हे शब्द विषयाचेच ज्ञान आहेत. पारिभाषिक संज्ञा एकदा उच्चारून पडद्यावर लिहून दाखवावी, मग सोपा शब्द वापरावा.

स्टुडिओ. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. कॅमेरा सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) आणि १/५० सेकंद शटरवर ठेवावा. बाहेरून आलेला कॅमेरा अनेकदा ३० चौकटींवर असतो, आणि मग ट्यूबलाइट व स्वस्त एलईडी दिव्यांखाली चित्र लुकलुकते. हा दोष कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर लक्षात येत नाही, संकलनात येतो आणि पुरता घालवता येत नाही. पार्श्वभूमी बदलण्यासाठी लावलेल्या हिरव्या पडद्यापासून वक्त्याला निदान दोन मीटर पुढे उभे करावे, नाहीतर खांद्यांवर आणि केसांवर हिरवी झाक येते. बारीक चौकडीचे शर्ट आणि बारीक विणीच्या काठाच्या साड्या टाळाव्यात. कॅमेऱ्यात त्यावर लाटा हलताना दिसतात. हे पाहुण्यांना आदल्या दिवशीच फोनवर सांगावे.

ध्वनीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, हा या क्षेत्रातला जुना आणि वाईट दोष आहे. अंधूक चित्र प्रेक्षक सोसतो, अस्पष्ट वाक्य सोसत नाही. कॉलर माइक छातीच्या मध्यावर, हनुवटीपासून वीतभर खाली लावावा. मंगळसूत्र किंवा ओढणी त्यावर घासते का, हे कानाला हेडफोन लावून तपासावे. बोलण्याची उंच टोके ध्वनिपातळीच्या मापकावर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवावीत. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या इमारतीत अवजड वाहनांची घरघर येतेच. माइकवरचा ८० हर्ट्झखालचा आवाज कापणारा फिल्टर लावल्याने ती बरीच कमी होते. वातानुकूलन प्रत्यक्ष मुद्रणाच्या वेळी बंद करावे. प्रत्येक जागी तीस सेकंद नुसती शांतता मुद्रित करून ठेवावी, संकलनातल्या फटी तिनेच बुजवतात.

संकलन. देवनागरी अक्षरे हा मराठी निर्मितीचा स्वतःचा प्रश्न. जुन्या संकलन प्रणालींत जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते. अशा वेळी मजकूर दुसरीकडे जुळवून पारदर्शक चित्र म्हणून आणावा. दोन ओळींत पुरेसे अंतर नसेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. शीर्षके चौकटीच्या मधल्या ऐंशी-नव्वद टक्के भागात ठेवावीत. विषयतज्ज्ञाला कच्चे संकलन दाखवावे, पक्के नव्हे. पार्श्वसंगीत चढल्यावर चूक दाखवायला माणूस संकोचतो, आणि ती चूक प्रक्षेपणात जाते.

साठवण. ५० मेगाबिट प्रतिसेकंद दराने एका तासाच्या चित्रीकरणाला सुमारे २२ जीबी जागा लागते. तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. पावसाळ्यात इथली हवा भिंगांना बुरशी आणते. ती बंद कपाटात ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवावीत. थंड खोलीतून बाहेर काढलेला कॅमेरा अर्धा तास पिशवीतच राहू द्यावा, नाहीतर भिंगावर दव धरते. कच्च्या दृश्यांच्या नोंदीत तारीख, जागा आणि भरतीची वेळ लिहावी. भरतीची वेळ नसेल तर दोन वर्षांनी दुसऱ्या विषयासाठी तेच दृश्य काढणाऱ्याला त्यातले पाणी चढते आहे की उतरते आहे, हे कळत नाही.