पोलिसांची थ्री नॉट थ्री, परवान्याची .३१५

आपल्याकडे परवान्याची रायफल म्हटली की .३१५ बोअर (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इथे इंचांत), आणि पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं .३०३, म्हणजे थ्री नॉट थ्री. ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यातली .३१५ ही ली-एनफिल्डच्याच, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या .३०३ रायफलीच्याच घडणीची, त्यामुळे दोन्ही सख्ख्या बहिणी वाटतात. पण एकीचं काडतूस दुसरीत चालत नाही. ही तफावत मुद्दाम राखलेली आहे.

याचं मूळ ब्रिटिश राजवटीच्या धास्तीत आहे. लष्कराच्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी .४५ इंच जाडीची आणि शिकाऱ्यांच्या .४५० बोअरचीही साधारण तेवढीच. शिकारी काडतुसातली गोळी उपसून चोरीच्या मार्टिनीत वापरली तर? या भीतीपोटी २०व्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात खासगी .४५० बोअरच्या आयातीवर बंदी आली. विलायती बंदूककारांनी मग .४६५, .४७० असे नवे बोअर काढले. .३०३ तर फौजेचंच काडतूस, तेही सामान्य शिकाऱ्याला बंद झालं.

.३१५चं काडतूस मूळचं ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं, म्हणजे तेही लष्करीच. पण इथल्या फौजेत ते नव्हतं, आणि खरा मुद्दा तोच होता. त्याचं पितळी कवच, ज्यात दारू भरतात ते, ५० मिलिमीटर लांब, .३०३चं ५६, गोळीही थोडी जाड.

स्वातंत्र्यानंतर १९५९चा शस्त्र कायदा आणि १९६२चे नियम आले, त्यांत हाच विचार स्पष्ट शब्दांत उतरला. .३०३ आणि ७.६२ मिमी बोअरच्या रायफली तर प्रतिबंधित ठरल्याच, शिवाय ज्या रायफलीत ही लष्करी काडतुसं बसतात आणि उडतात, तीही प्रतिबंधित. मला हे कलम फार नेमकं वाटतं, कारण ते नावाकडे न बघता चेंबरकडे, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेकडे बघतं.

अमेरिकेत उलटं घडलं. तिथे .३०८ विंचेस्टर हे नागरी काडतूस १९५२मध्ये बाजारात आलं आणि त्याचं लष्करी भावंड, ७.६२×५१, नाटोने १९५४मध्ये स्वीकारलं. बाहेरून दोन्ही जवळपास सारखी. तरी लष्करी चेंबर किंचित लांब असतं आणि लष्करी कवचाचं पितळ जाड. पातळ नागरी कवच अशा सैल चेंबरमध्ये ताणून फाटू शकतं, म्हणून रायफलीवर कोरलेलं नाव वाचूनच काडतूस भरावं.

आपल्या नियमाने .३०८ प्रतिबंधित ठरते, कारण तिच्यात ७.६२ बसते. .३०-०६ मात्र परवान्यावर मिळते. तिची गोळीही ७.६२ मिलिमीटरचीच आणि दोन्ही महायुद्धांत अमेरिकी फौज तीच वापरत होती, पण कवच ६३ मिलिमीटरचं असल्याने आपल्या फौजेचं काडतूस तिच्या चेंबरमध्ये नीट बसत नाही.