'सॅव्हॉय'च्या चालीवर चार नावं कशी आली

'स्टॉम्पिन ॲट द सॅव्हॉय' या तीसच्या दशकातल्या अमेरिकन जॅझ रचनेच्या श्रेयात आज चार नावं छापली जातात: बेनी गुडमन, चिक वेब, एडगर सॅम्पसन आणि शब्दांसाठी अँडी राझाफ. चाल सॅम्पसनची, याबद्दल जॅझच्या जाणकारांत फारसं दुमत नाही. शब्द मागाहून आले, तेव्हा राझाफचा वाटाही रास्तच. प्रश्न उरतो तो गुडमन आणि वेब या दोन बँडप्रमुखांचा.

सॅम्पसन १९०७ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. लहानपणी व्हायोलिन, शाळेत सॅक्सोफोन, पुढे क्लॅरिनेट. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये थोडे दिवस, मग चार्ली जॉन्सनकडे, नंतर फ्लेचर हेंडरसनकडे. हेंडरसनच्या १९३१ च्या एका ध्वनिमुद्रिकेत त्याचं व्हायोलिनही आहे. एकल वादनासाठी मात्र त्याला कुणी फारसं आठवत नाही. त्याचं बळ कागदावर संगीत लिहिण्यात होतं.

ते दिसलं वेबच्या बँडमध्ये. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या लेनॉक्स ॲव्हेन्यूवरच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये काळे-गोरे एकत्र नाचत. बँड सैल पडला की नाचणारे लगेच दाखवून देत. सॅम्पसनची मांडणी, म्हणजे कोणत्या वाद्याने कधी काय वाजवायचं याचा लेखी आराखडा, त्या लोकांसाठी होती: एका वाद्यगटाने दोन सुरांचा छोटा तुकडा टाकायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, मध्ये जागा मोकळी सोडायची. 'स्टॉम्पिन'चा मुखडा इतका साधा की नवखाही गुणगुणेल, पण मधल्या भागात स्वरसंगती अर्ध्या-अर्ध्या सुराने सरकते आणि तिथे एकल वादकाचा कस लागतो. 'ब्लू लू' आणि 'इफ ड्रीम्स कम ट्रू' याच सुमाराच्या.

आता श्रेयाचं. त्या काळी अमेरिकेत १९०९ चा स्वामित्व हक्क कायदा लागू होता. ध्वनिमुद्रिकेच्या प्रत्येक प्रतीमागे दर रचनेला दोन सेंट, आणि तेही प्रकाशक व रचनाकार यांच्यात वाटून. वादकाला एका बैठकीची मजुरी, मांडणी करणाऱ्याला एकदाच बिदागी. म्हणजे रेकॉर्ड पुढे कितीही खपो, सतत पैसा येई तो रचनाकार म्हणून नाव असलेल्यालाच. बँडप्रमुख आणि प्रकाशक त्या यादीत आपलं नाव घालून घेत ते यासाठी. सॅम्पसनच्याही काही रचनांवर एका प्रकाशकाचं नाव रचनाकार म्हणून आहे.

बँडप्रमुखांच्या बाजूनेही युक्तिवाद होतो. पगार ते देत, रेडिओची वेळ ते मिळवत, तालमीत चाल बदलत असे, नवा वळसा कुणी सुचवला हे नंतर सांगता येत नसे. वेबच्या बाबतीत हे थोडंफार मान्य करता येईल. सॅम्पसन त्याच्या नोकरीत होता. गुडमनच्या बाबतीत तारखाच आड येतात. वेबच्या बँडने ही चाल मे १९३४ मध्ये ध्वनिमुद्रित केली, गुडमनच्या बँडने जानेवारी १९३६ मध्ये. जी चाल आधीच बाजारात होती तिची रचना नंतरच्या माणसाने कशी केली? तिला घराघरांत त्याने नेलं हे खरं, पण त्याला प्रसिद्धी म्हणतात, रचना नव्हे.

आपल्याकडे हा प्रकार अनोळखी नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटांत गोव्याच्या वादकांनी वाद्यमेळ लिहून काढले आणि श्रेयनामावलीत ते 'सहाय्यक' म्हणून आले, तेही आले तर. सॅम्पसनचं नाव निदान यादीत राहिलं.

'डोन्ट बी दॅट वे'ची गोष्ट याच वळणाची. वेबने ती १९३४ मध्येच मुद्रित केली होती. १६ जानेवारी १९३८ ला कार्नेगी हॉलमधली गुडमनची गाजलेली मैफल याच रचनेने सुरू झाली, महिन्याभरात त्याने रेकॉर्ड काढली आणि ती तडाखेबंद खपली. श्रेयात गुडमन आहेच. मैफलीचं मुद्रण १९५० मध्ये बाजारात आलं आणि रचना पुन्हा नव्याने लोकांपर्यंत पोहोचली. त्याआधी ११ मे १९३७ ला सॅव्हॉयमध्ये वेब आणि गुडमन समोरासमोर वाजवायला उभे राहिले. वेब जिंकला असं बहुतेक सगळे सांगतात. सॅम्पसन तोवर वेबचा बँड सोडून गेला होता, पण दोन्ही बँडच्या वाजवायच्या वह्यांत त्याची गाणी होती.

पुढे तो मुख्यतः मांडणीवर जगला: गुडमन, आर्टी शॉ, रेड नॉर्वो. १९३९ मध्ये वेब गेल्यावर बँड गायिका एला फिट्झजेराल्डच्या नावाने चालू राहिला, तेव्हा सॅम्पसनने काही काळ त्याचं संगीत दिग्दर्शन केलं. स्विंग, म्हणजे हे नाचाचं जॅझ, ओसरल्यावर तो न्यूयॉर्कच्या लॅटिन बँडांकडे वळला, टिटो पुएन्तेसाठीही लिहू लागला. ज्यांना तो फक्त तीसच्या दशकाचा वाटतो, त्यांनी हा भाग वगळू नये. नाचणाऱ्यांसाठी लिहायची सवय तिथे पुन्हा कामी आली. १९५६ मध्ये स्वतःच्या नावाने एक अल्बम निघाला. साठच्या दशकाच्या अखेरीस आजारपणामुळे काम थांबलं, आणि जानेवारी १९७३ मध्ये न्यू जर्सीतल्या एंगलवूडमध्ये त्याचा मृत्यू झाला.