चौपट पिक्सेलचा भार : जुना आयपॅड की नवा?

मार्च २०१२ मध्ये ॲपलने तिसरा आयपॅड बाजारात आणला, पण आदल्या वर्षीचा आयपॅड २ बंद केला नाही. अमेरिकेत नव्याची किंमत ४९९ डॉलरपासून पुढे, तर जुना १०० डॉलरने स्वस्त. पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. नवा आयपॅड सात महिन्यांतच, ऑक्टोबर २०१२ मध्ये, विक्रीतून काढला गेला. जुना मात्र मार्च २०१४ पर्यंत दुकानात टिकून राहिला. जुनं मॉडेल घ्यावं की नवं, या प्रश्नामागचं विज्ञान या जोडीइतकं स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

दोघांचा पडदा ९.७ इंचांचाच. आयपॅड २ मध्ये १०२४ गुणिले ७६८, म्हणजे सुमारे ७.८६ लाख पिक्सेल (चित्र घडवणारे बारीक ठिपके) होते. नव्यात उभे-आडवे दोन्हीकडे दुप्पट, म्हणून एकूण चौपट : ३१ लाखांहून जास्त. एका पिक्सेलची रुंदी ०.१९ मिलिमीटरवरून ०.०९६ मिलिमीटरवर आली.

निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातले दोन बिंदू वेगळे दिसतात. चाळीस सेंटिमीटरवरून, म्हणजे पुस्तक धरतो तेवढ्या अंतरावरून, हा कोन ०.११६ मिलिमीटरचा भरतो. जुना पिक्सेल त्याहून मोठा, नवा त्याहून लहान. त्यामुळे जुन्या पडद्यावर अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात, नव्यावर छापल्यासारख्या.

देवनागरी वाचणाऱ्याला हा फरक रोमन वाचणाऱ्यापेक्षा जास्त जाणवतो. ‘मूर्तींची’ हा शब्द घ्या. ‘र्तीं’ या एका अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघेही दाटीवाटीने बसलेले असतात. मजकूर बारीक असला तर आयपॅड २ वर शिरोरेषेच्या वरच्या भागाला जेमतेम चार-पाच ओळी पिक्सेल मिळतात. तेवढ्यात रफाराचा बाक आणि अनुस्वाराचा ठिपका एकमेकांत मिसळून करडा डाग होतो. तेवढ्याच जागेत नव्या पडद्याला आठ-दहा ओळी मिळतात आणि अनुस्वार सुटा, गोल दिसतो. ज्याला रोज तासन्‌तास मराठी वाचायचं आहे, त्याच्यासाठी ही चैन नव्हे, डोळ्यांची गरज आहे.

पण गणित उलटंही मांडून बघा. ०.१९ मिलिमीटरचा पिक्सेल सुमारे ६६ सेंटिमीटरवरून डोळ्याला वेगळा दिसेनासा होतो. ओट्यावर स्टँडला लावून पाककृतीचे व्हिडिओ बघायचे असतील, किंवा आजोबांनी अक्षरं मोठी करून ठेवली असतील, तर चौपट पिक्सेलचा फायदा बराचसा वाया जातो. त्यांचा खर्च मात्र वाया जात नाही, तो वीज आणि उष्णतेच्या रूपाने चालूच राहतो.

एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. मागच्या एलईडींचा उजेड प्रत्येक पिक्सेलच्या खिडकीतून बाहेर येतो. त्या खिडकीच्या कडेला ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारे सूक्ष्म स्विच, आणि तारा असतात, त्यांतून उजेड जात नाही. पिक्सेल चौपट केले की खिडक्या लहान होतात, पण तारा आणि ट्रान्झिस्टर त्याच प्रमाणात बारीक करता येत नाहीत. म्हणून उजेड जास्त अडतो, आणि तेवढाच प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचवायला मागचे दिवे जास्त जोराने लावावे लागतात. यासाठी तिसऱ्या आयपॅडची बॅटरी २५ वॅट-तासांवरून थेट ४२.५ वॅट-तासांवर न्यावी लागली. वजन ६०१ ग्रॅमवरून ६५२ ग्रॅम झालं, जाडीही वाढली. आणि एवढं करून कंपनीने सांगितलेला वापराचा वेळ होता तोच : दहा तास. चार्जर मात्र दोघांनाही १० वॅटचाच, त्यामुळे नव्याला पूर्ण चार्ज व्हायला बराच जास्त वेळ लागायचा.

चिपची गोष्ट याहून बोलकी. नव्यातल्या ए५एक्स चिपमध्ये मुख्य प्रोसेसर जवळपास जुन्यासारखाच, दोन कोअरचा, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या दोन भागांचा होता. चित्र रंगवणारे ग्राफिक्स कोअर दोनाचे चार झाले. जाहिरातीत हे ‘दुप्पट ग्राफिक्स’ म्हणून छान दिसतं. पण रंगवायचे पिक्सेल चौपट! जेवणारी माणसं चारची सोळा झाली आणि शेगड्या दोनाच्या चार, तर प्रत्येक ताटाच्या वाट्याला आधीपेक्षा निम्मीच आंच येणार. म्हणून पूर्ण स्पष्टतेने खेळ चालवला तर स्वस्तातला जुना आयपॅड महागड्या नव्याच्या बरोबरीने, कधी त्याहून सहज चालायचा. शिवाय नव्याची ही मोठी चिप जुन्याच ४५ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनवलेली होती (हा आकडा जितका लहान, तितके चिपमधले ट्रान्झिस्टर लहान), त्यामुळे ती तापायची. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ या ग्राहक संस्थेने खेळ चालू असताना त्याच्या पाठीचं तापमान सुमारे ४७ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचं नोंदवलं होतं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक बाब तेव्हा फारशी कोणाच्या लक्षातही आली नाही. त्याच २०१२ मध्ये आयपॅड २ च्या काही नगांत त्याचीच आधीची ए५ चिप ३२ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनवून बसवली गेली. नाव तेच, रूप तेच, पण ट्रान्झिस्टर लहान झाल्याने वीज कमी लागू लागली आणि बॅटरी जास्त पुरू लागली. जुनं मॉडेल नेहमी जसंच्या तसं राहतं असं नाही. पिकलेल्या तंत्राचा लाभ कधी कधी त्यालाच आधी मिळतो.

मग जुनाच घ्यावा? इथे दुसरी बाजू येते, आणि ती कडक आहे. २०१६ मध्ये आयओएस १०, म्हणजे आयपॅड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, आलं तेव्हा आयपॅड २ आणि तिसरा आयपॅड दोघांनाही एकदमच वगळलं गेलं. २०११ मध्ये आयपॅड २ घेणाऱ्याला पाच वर्षं नव्या आवृत्त्या मिळाल्या. तोच टॅब्लेट २०१४ च्या सुरुवातीला, नवाकोरा आणि खोक्यातून काढून, घेणाऱ्याला जेमतेम अडीच. सॉफ्टवेअरचं घड्याळ आपण खरेदी करतो त्या दिवशी सुरू होत नाही. मॉडेल पहिल्यांदा बाजारात आलं, किंबहुना त्यातली चिप आली, तेव्हाच ते सुरू झालेलं असतं.

वाढलेला पिक्सेलचा भार चिपला पेलतो का, आणि सॉफ्टवेअरचं घड्याळ कधी सुरू झालं, हेच दोन प्रश्न अलीकडच्या जोडीला लावून बघा. २०२१ चा नवव्या पिढीचा आयपॅड आणि २०२२ चा दहाव्या पिढीचा. दोघांतही इंचाला २६४ पिक्सेल. एकूण पिक्सेल सुमारे दहा टक्क्यांनीच वाढले, आणि चिप ७ नॅनोमीटरच्या ए१३ वरून ५ नॅनोमीटरच्या ए१४ वर गेली. भार थोडा, ताकद त्याहून जास्त. म्हणूनच बॅटरी ३२.४ वरून २८.६ वॅट-तासांवर उतरूनही दहा तासांचा दावा टिकला. २०१२ मध्ये बॅटरी वाढवावी लागली होती, इथे ती कमी करता आली. नवं मॉडेल खरोखर पुढे गेलंय का, हे ओळखायची याहून चांगली खूण मला ठाऊक नाही.

तरीही डोळ्यांना फरक जवळपास शून्य. म्हणून फक्त वाचायला आणि व्हिडिओ बघायला नववा पुरेसा आहे, शिवाय त्याला हेडफोनचं भोक आहे, जे दहाव्यात काढून टाकलं. पण त्यातली ए१३ चिप २०१९ च्या आयफोन ११ मधली आहे, आणि त्याला यूएसबी-सी नाही. मुलाच्या पाच-सहा वर्षांच्या शिक्षणासाठी घेत असाल तर मी तरी नववा घेणार नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी.