घसरणारा क्लच आणि कसलेली केबल

भरल्या पिकअपचा क्लच घसरायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: केबल थोडी कसून घ्या. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावात हाच सल्ला मिळतो, चाळीसगावातही हाच. आणि तो नेमका उलटा आहे. केबल सैल असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर टाकताना किरकिरतो. घसरतो तो केबल ताठ असल्यावर. म्हणजे घसरणाऱ्या क्लचची केबल कसणं हे आगीवर फुंकर घालण्यासारखं आहे.

का, ते समजायला बेल हाऊसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या घंटेसारख्या कवचाच्या आत काय बसलंय ते बघू. इंजिनच्या क्रँकला फ्लायव्हील जोडलेलं असतं. त्यावर बोल्टांनी प्रेशर प्लेट बसते आणि या दोघांच्या मध्ये सँडविचसारखी क्लच प्लेट दाबलेली असते. क्लच प्लेटचा दातेरी हब गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतो. दाबण्याचं काम करते डायफ्रॅम स्प्रिंग. ही पोलादाची बशीसारखी चकती असते, मध्याकडे चिरत नेलेली, त्यामुळे आत बोटं तयार होतात. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग या बोटांची टोकं फ्लायव्हीलकडे ढकलतं, बशीची बाहेरची कड उलट बाजूला उचलली जाते आणि प्लेट मोकळी होते. पाय काढला की स्प्रिंग पुन्हा दाबते.

आता प्लेट झिजली. प्रेशर प्लेट तेवढी फ्लायव्हीलकडे सरकली, आणि तरफेच्या नियमाने बोटांची टोकं उलट, म्हणजे बेअरिंगकडे आली. तीही थोडीथोडकी नव्हे, झिजेच्या साधारण तीन-चार पट. बेअरिंगपासून पेडलपर्यंत आणखी दहा-बारा पट. म्हणजे लायनिंग, प्लेटवरचं घासणारं अस्तर, अर्धा मिलिमीटर झिजलं, तर पेडलची वीसेक मिलिमीटर मोकळी चाल, म्हणजे बेअरिंग बोटांना टेकेपर्यंतची चाल, गायब होते. केबलच्या गाडीला ही चाल साधारण १५ ते २५ मिलिमीटरच ठेवलेली असते. ती संपली की पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग बोटांना टेकून राहतं, दाब घटतो आणि क्लच घसरतो. केबल कसली की तोच दाब आणखी कमी होतो. सैल करून चाल परत दिली, तर झीज कमी असताना घसरणं थांबतंही. तेवढ्यावर थांबलं तर प्लेट बदलायची गरजच नसते. हायड्रॉलिक क्लचमध्ये तेल टाकीत परत जाऊन ही जुळवणी आपोआप होते, म्हणून तिथे चाल संपल्याची सूचना मिळत नाही, एकदम घसरणंच दिसतं.

पण झीज मुळात होते कशाने? इथे थोडा हिशोब करावा लागेल, कारण क्लचचं सगळं मर्म त्या हिशोबात आहे.

गाडी उभी आहे, इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतंय आणि तुम्ही क्लच सोडताय. प्लेटच्या दोन्ही बाजूंना पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, सारखाच असतो. एका बाजूने जितका दिला जातो, तितकाच दुसऱ्या बाजूने घेतला जातो. फरक वेगात आहे. इंजिनची बाजू १५०० वर, गिअरबॉक्सची बाजू शून्यापासून सुरू होऊन १५०० पर्यंत चढणारी, म्हणजे सरासरी ७५०. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले वेग. टॉर्क तोच, वेग सरासरी निम्मा, म्हणून गाडीला मिळाली निम्मीच ऊर्जा. उरलेली निम्मी प्लेटवर उष्णता झाली. हळू सोडा, झटकन सोडा, सपाट रस्त्यावर इंजिनचा वेग तोच राहिला तर हा निम्मा वाटा सुटत नाही. गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, तेवढीच क्लचमध्ये जळते. चालकाच्या कसबाला इथे जागा नाही, ही गोष्ट पचायला जड जाते खरी.

आकडे घालून बघू. भरलेली पिकअप ३,००० किलो. पहिला गिअर आणि मागचं डिफरन्शियल मिळून फेऱ्यांचं प्रमाण समजा १६, चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर. तर १५०० फेऱ्यांवर क्लच पूर्ण धरेपर्यंत गाडीचा वेग होतो तासाला सुमारे १२ किलोमीटर, गतिज ऊर्जा सुमारे १८ किलोज्यूल, आणि जळते तेवढीच. आता हीच गाडी दुसऱ्या गिअरवर उचलली, जिथे प्रमाण ९ च्या आसपास आहे, तर वेग पावणेदोन पट होतो आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने, म्हणजे तिपटीने. ‘दुसऱ्यावरही उचलते की’ म्हणणारा चालक दर वेळी प्लेटवर तिप्पट उष्णता ओततो. इंजिन १५०० ऐवजी २००० वर नेऊन क्लच सोडला, तर पावणेदोन पट.

चढावर हिशोब बिघडतो, आणि तिथे हळू सोडणं महागात पडतं. चाळीसगावजवळच्या कन्नड घाटात वाहतूक तुंबलीय असं धरू, चढ शंभर मीटरला सहा मीटर. गाडी मागे जाऊ नये म्हणून हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट सोडून, धरून ठेवायला चाकांवर सुमारे १,७७० न्यूटन जोर लागतो. १६ च्या प्रमाणातून क्लचवर येतो सुमारे ३९ न्यूटन-मीटर. इंजिन १५०० वर, गाडी जागेवर, म्हणजे इंजिन देतं ते सगळं उष्णता होतं: ६ किलोवॉट. दोन-दोन किलोवॉटचे तीन गीझर त्या टोपीएवढ्या जागेत चालू केल्यासारखं. दहा सेकंदांत ६० किलोज्यूल. त्यातली निम्मी प्रेशर प्लेटकडे जाते. चार किलोच्या बिडाची ती चकती दहा सेकंदांत १५ अंशांनी, मिनिटभरात ९० अंशांनी तापते, आणि तेही सरासरी. घासणारा पृष्ठभाग त्याहून पुष्कळ पुढे असतो. फ्लायव्हील जड असल्यामुळे सावकाश तापतं. जळगावच्या ४४-४५ अंशांच्या दुपारी सुरुवातच गरम भांड्यातून होते. साध्या सेंद्रिय लायनिंगची पकड २५०-३०० अंशांपलीकडे ढासळू लागते. बांधणारं राळ जळतं, तो वास येतो. आणि वास आला की अहिराणीत म्हणतात, क्लच जयी गया, म्हणजे जळून गेला. हँडब्रेक यासाठीच असतो.

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागेत याहून वाईट घडतं. पाणी दिलेल्या काळ्या मातीत चाक रुतलं की गाडी पुढे-मागे झुलवत, रिव्हर्स आणि पहिला आलटून पालटून टाकत, सतत हाफ क्लचवर काढतात. दहा मिनिटांत महिन्याची झीज होऊ शकते. समोर लिंबू-मिरची टांगलेली असते आणि डावा पाय पेडलवर ठेवलेला. नजर त्या पायाचीच लागते.

निदानाला फार अवजारं लागत नाहीत. चौथ्या गिअरवर तासाला चाळीसच्या वेगात एकदम पूर्ण रेस द्या. आवाज चढतो आणि वेगाचा काटा जागचा हलत नसेल तर घसरतोय. वरच्या गिअरला हे आधी दिसतं, कारण तिथे कमी फेऱ्यांवर इंजिनचा पूर्ण टॉर्क बराच वेळ टिकतो. दुसरी चाचणी उलट दोषाची: इंजिन मंद ठेवून क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. किरकिरला तर प्लेट सुटत नाही, म्हणजे हायड्रॉलिकमध्ये हवा, तेलाची गळती, वाकलेली प्लेट किंवा गंजलेले दाते. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग; न्यूट्रलमध्ये, पेडल सुटं असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उचलताना थरथरत असेल तर लायनिंगवर तेल, तापून पडलेले निळे डाग किंवा इंजिनचं ढिलं माउंटिंग. या चारही दोषांवर ‘क्लच गेला’ म्हणत नवा सेट बसवणं हा आळस आहे.

सेट बदलायचाच ठरला तर खाली उतरावा लागतो गिअरबॉक्स. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर, चाकांना अडण. प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या डिफरन्शियलकडे जाणाऱ्या लांब दांड्याच्या, फ्लँजवर रंगाची खूण करायची, म्हणजे परत त्याच जागी बसेल. नाहीतर नंतर थरथर येते आणि दोष नव्या क्लचवर जातो. हायड्रॉलिक क्लच असेल तर स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने रिलीज बेअरिंग ढकलणारा) पाइप न उघडता बाजूला बांधायचा आणि त्यानंतर पेडलला कुणी हात-पाय लावायचा नाही, पिस्टन बाहेर येतं. स्टार्टर, गिअर लिव्हर, रिव्हर्स दिव्याची वायर, क्रॉस मेंबर. इंजिनला खालून टेकू. बॉक्स सरळ मागे ओढायचा, शाफ्ट बाहेर येईपर्यंत लोंबकळू द्यायचा नाही.

प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक पूर्ण काढू नका, आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा सोडा, नाहीतर कड वाकते. आतली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या प्लेटांत अॅस्बेस्टॉस असायचं. लायनिंगचा पृष्ठभाग रिव्हेटच्या डोक्यापासून ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर प्लेट संपली. फ्लायव्हीलवर बारीक भेगा किंवा निळे डाग असतील तर ते टर्निंगला द्या. आणि क्रँकचं मागचं ऑइल सील या वेळी बदला. वरवर ठीक दिसलं तरी. एवढ्याशा सीलसाठी पुन्हा सगळं उतरवायला लागलं, तर मजुरी दुप्पट जाते. इनपुट शाफ्टचं पुढचं टोक ज्यात बसतं, त्या पायलट बेअरिंगचंही तसंच.

नव्या प्रेशर प्लेटवर गंज रोखणारा तेलकट थर असतो, तो क्लीनरने पुसायचा. प्लेट उलटी बसवणं ही नेहमीची चूक. झटके शोषणाऱ्या, हबभोवतीच्या डॅम्पर स्प्रिंगांचा फुगीर भाग बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सकडे असतो, आणि प्लेटवर तसं छापलेलं असतं. प्लेट मध्यभागी आणायला जुन्या इनपुट शाफ्टचा तुकडा डमी म्हणून घाला. नजरेने केलं तर बॉक्स बसतच नाही आणि जोर लावून बसवला तर हब वाकतो. दात्यांवर उष्णता झेपणारं ग्रीस हरभऱ्याच्या डाळीएवढंच. जास्त लावलं तर फिरताना उडून लायनिंगवर जातं. रिलीज बेअरिंग डिझेल किंवा रॉकेलमध्ये बुडवून धुण्याची पद्धत बंद करा, ते बंद बेअरिंग असतं, आतलं ग्रीस धुतलं जातं आणि पंधरा दिवसांत शिट्टी वाजायला लागते. बोल्ट फुलीच्या क्रमाने, टॉर्क पान्याने कसायचे. ८ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर. हायड्रॉलिकमध्ये झाकणावर लिहिलेलं डॉट-३ किंवा डॉट-४ तेलच. इंजिन ऑइल घातलं तर रबरी सील फुगून सगळी लाइन बसते.

‘आयुष्यभर चालते’ म्हणत विकल्या जाणाऱ्या धातूच्या बटणांच्या प्लेटचा मोह टाळा. तिची पकड झटक्याने बसते, मालाची गाडी उचलताना थरथरते आणि तो झटका गिअरबॉक्सच्या दात्यांवर जातो. नवी साधी प्लेट बसवल्यावर पहिले चार-पाचशे किलोमीटर ओझं निम्मं ठेवा. नवं लायनिंग आणि बिडाचा पृष्ठभाग एकमेकांना अजून पूर्ण टेकलेले नसतात, उष्णता थोड्या ठिपक्यांवरच साचते. ते अंतर झालं की पेडलची चाल पट्टीने पुन्हा मोजा. कमी भरली तर केबल एक-दोन आटे सैल करा.